पेशीतील टपाल आणि धनुर्वाताचे विष

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



 अशा प्रसंगी वक्ता अवकाशयानांविषयी किंवा अणुशक्तीविषयी बोलेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी मात्र आपणांस फार दूर नेणार नाही. आपल्याच शरीरातील पेशींमध्ये, डोळ्यांस न दिसणाऱ्या पिशव्यांतून, रात्रंदिवस जी मालवाहतूक चालू असते तिच्याविषयी, आणि ती चालविणाऱ्या प्रथिनांविषयी मी आज बोलणार आहे. हा विषय गावचा कारभार पाहणाऱ्यांनी का ऐकावा, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मी एका आठवणीने देतो.

मी प्राथमिक शाळेत असताना आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. घरच्यांनी काटा काढला, जखमेत हळद भरली आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा शेतावर गेले. आठ-दहा दिवसांनी जेवताना त्यांचा जबडा उघडेना. मग मान ताठली, पाठ ताठली आणि त्यांना बैलगाडीतून तालुक्याला व तेथून जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. वडिलांबरोबर मी त्यांना पाहावयास गेलो, तेव्हा त्यांना एका स्वतंत्र खोलीत ठेविले होते. खिडक्यांना काळे कापड लाविले होते. परिचारिका दाराशीच सर्वांना वहाणा काढावयास आणि न बोलण्यास सांगत होती. इतक्यात कोणाच्या तरी हातून भांडे पडले. त्या आवाजासरशी रुग्णाचे सारे शरीर कमानीसारखे वाकले. ते पूर्ण शुद्धीवर होते, हे त्यांच्या डोळ्यांवरून मला त्या वयातही कळले. चौथ्या दिवशी ते गेले.

एवढ्याशा काट्याने धडधाकट माणूस कसा जातो? आणि त्या खोलीत अंधार कशासाठी होता? हे दोन प्रश्न माझ्या मनात अनेक वर्षे राहिले. धनुर्वाताचे विष पेशीत नेमके काय बिघडविते, हे त्या काळी जगात कोणासही ठाऊक नव्हते. ते कळले १९९२ साली. आणि ते कळू शकले, याचे कारण त्यापूर्वीची तीस-चाळीस वर्षे काही शास्त्रज्ञ पेशीतील या पिशव्यांचा पाठपुरावा करीत होते. तेव्हा आधी या पिशव्यांची ओळख करून घेऊ.

पेशीतील मालाचा मार्ग

प्राण्यांच्या शरीरातील सर्वसाधारण पेशीचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाएवढा असतो. एवढ्याशा जागेत निरनिराळी दालने असतात. शिक्षकांना त्यांची नावे ठाऊक आहेतच: केंद्रक, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, लयकारिका. प्रत्येक दालनाला स्वतःचे पटल असते, आणि हे पटल स्निग्ध द्रव्याचे असल्यामुळे प्रथिनासारखा मोठा रेणू त्यातून सहजासहजी आरपार जाऊ शकत नाही. मग एका दालनात तयार झालेला माल दुसऱ्या दालनात, किंवा पेशीच्या बाहेर, जातो कसा?

तो पिशव्यांतून जातो. दालनाच्या पटलाचाच एक भाग फुगतो, त्यात माल भरला जातो, आणि तो फुगवटा मूळ पटलापासून सुटून एक बंद पिशवी तयार होते. शास्त्रीय परिभाषेत तिला पुटिका म्हणतात. ही पुटिका योग्य ठिकाणी पोहोचली म्हणजे तेथील पटलाशी एकजीव होते आणि तिच्यातील माल पलीकडे रिता होतो. आपल्या स्वादुपिंडातील इन्शुलिन याच मार्गाने रक्तात येते. म्हैस दूध देते, त्या दुधातील केसीन हे प्रथिनही कासेतील पेशींतून असल्याच पुटिकांतून बाहेर पडते.

हा मार्ग प्रथम उलगडून दाखविला तो रुमानियात जन्मलेल्या आणि पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम केलेल्या जॉर्ज पालादे यांनी. त्यांनी व जेम्स जेमिसन यांनी गिनिपिगच्या स्वादुपिंडाच्या पातळ चकत्या घेतल्या आणि त्यांना केवळ तीन मिनिटे किरणोत्सारी अमिनो आम्ल पुरविले. त्या तीन मिनिटांत जी प्रथिने तयार झाली त्यांच्यावर जणू खूण बसली. नंतर ठराविक वेळाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही खूण कोठे दिसते ते त्यांनी पाहिले. ती प्रथम आंतर्द्रव्यजालिकेत दिसली, काही मिनिटांनी गॉल्गी संकुलाच्या परिसरात दिसली, आणि सुमारे दोन तासांनी पेशीच्या टोकाशी साठलेल्या, पाचक विकरांनी भरलेल्या पिशव्यांत दिसली. हे काम १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. पेशीच्या रचनेविषयीच्या अशा संशोधनाबद्दल पालादे यांना, अल्बेर क्लोद आणि क्रिस्तियाँ द दुव्ह यांच्यासह, १९७४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मार्ग कळला, पण त्या मार्गावर टपाल चुकत का नाही, हे कळले नव्हते. आपल्या टपाल खात्याचे उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात सहा आकडी पिन कोड सुरू झाला. त्याची योजना कोकणचे सुपुत्र आणि संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली होती. सारख्या नावाची गावे अनेक असली तरी त्या सहा आकड्यांमुळे पत्र योग्य गावी पोहोचते. पेशीत एकाच वेळी हजारो पुटिका इकडून तिकडे जात असतात. तेथे पत्ता कोण लिहितो, कोण वाचतो आणि पिशवी कोण उघडतो?

वाहतुकीचे कर्मचारी

ही सारी कामे प्रथिने करितात. त्यांचे स्थूलमानाने चार वर्ग सांगता येतील.

पहिला वर्ग पिशवी घडविणाऱ्यांचा. १९७५-७६ च्या सुमारास इंग्लंडमधील केंब्रिज येथे बार्बरा पिअर्स यांनी क्लॅथ्रिन नावाचे प्रथिन वेगळे केले. त्याच्या रेणूला तीन पाय असतात. असे अनेक रेणू एकमेकांत गुंतून पटलाभोवती बुरुडाने विणलेल्या टोपलीसारखे आवरण तयार करितात, आणि त्या साच्यात पटल वाकून पुटिका बनते. निरनिराळ्या मार्गांवर अशी निरनिराळी आवरणे असतात. पिशवी सुटी झाली की आवरण गळून पडते आणि त्याचे रेणू पुन्हा कामास येतात.

दुसरा वर्ग हमालांचा. पेशीत सूक्ष्मनलिकांचे जाळे पसरलेले असते. कायनेसिन नावाचे प्रथिन पाठीवर पुटिका घेऊन या नलिकेवरून अक्षरशः पावले टाकीत चालते. त्याचे एक पाऊल मिलिमीटरच्या सव्वालाखाव्या भागाएवढे असते. हे प्रथिन १९८५ मध्ये सापडले. ते साधारणतः पेशीच्या मध्याकडून कडेकडे जाते. उलट दिशेने, म्हणजे कडेकडून मध्याकडे, माल आणण्याचे काम डायनिन करिते. एकट्या डायनिनचा जोर थोडा; परंतु त्याचे अनेक रेणू संघटितपणे ओढू लागले म्हणजे मोठे ओझे नेतात, हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील रूप मल्लिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. डायनिनचे नाव आपण लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

तिसरा वर्ग पत्ता दर्शविणाऱ्यांचा. या प्रथिनांना रॅब असे नाव आहे. माणसाच्या शरीरात त्यांचे साठाहून अधिक प्रकार आहेत. कोणत्या पटलावर कोणते रॅब आहे यावरून ती पिशवी कोठली आणि तिने कोठे थांबावयाचे हे ओळखले जाते.

चौथा वर्ग पिशवी उघडणाऱ्यांचा, आणि आजच्या विषयात तोच महत्त्वाचा आहे. या प्रथिनांना स्नेअर म्हणतात. पुटिकेच्या पटलावर एक प्रकारचे स्नेअर असते आणि ज्या पटलाशी तिने एकजीव व्हावयाचे त्यावर तिच्या जोडीची स्नेअर असतात. ही समोरासमोर आली म्हणजे चार पदरांचा दोर वळावा त्याप्रमाणे एकमेकांभोवती वळली जातात. पीळ जसजसा पटलांच्या दिशेने बसत जातो, तसतशी दोन्ही पटले जवळ ओढली जातात आणि शेवटी एक होतात. जोडी जुळली नाही तर पीळ नीट बसत नाही. म्हणजे स्नेअर हे कुलूपही आहे आणि पत्त्याची शेवटची तपासणीही आहे.

यीस्ट, माशी आणि मनुष्य

हे सारे कसे कळले, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. कारण विद्यार्थ्यांना सांगण्यासारखा भाग तोच आहे.

अमेरिकेतील बर्कली येथे रँडी शेकमन यांनी पाव फुगविणाऱ्या साध्या यीस्टवर काम केले. ज्यांची वाहतूक बिघडली आहे असे यीस्टचे वाण त्यांनी व त्यांचे विद्यार्थी पीटर नोव्हिक यांनी शोधून काढिले. हे वाण साध्या तापमानात नीट वाढत. परंतु तापमान ३७ अंशांवर नेले की त्यांच्या पेशीत न पोहोचलेल्या मालाचा ढीग साचे. १९८० सालापर्यंत त्यांनी अशी २३ जनुके निश्चित केली. ज्या जनुकात बिघाड होईल त्याप्रमाणे वाहतूक निरनिराळ्या टप्प्यावर अडे. त्यावरून कोणते प्रथिन कोठे काम करिते हे ठरविता आले.

जेम्स रॉथमन यांनी दुसरा मार्ग धरिला. त्यांनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी फोडून ही वाहतूक परीक्षानळीत घडवून आणिली आणि तिला लागणारी प्रथिने एकेक करून वेगळी केली. १९८८ मध्ये त्यांना एन.एस.एफ. नावाचे प्रथिन मिळाले. एकदा वळलेला स्नेअरचा दोर उलगडून ती प्रथिने पुन्हा वापरण्याजोगी करणे, हे त्याचे काम असल्याचे पुढे निष्पन्न झाले. १९८९ मध्ये असे दिसून आले की, हॅमस्टरचे हे प्रथिन आणि शेकमन यांनी यीस्टमध्ये शोधलेल्यांपैकी एक प्रथिन ही वस्तुतः एकच आहेत.

येथे मुंबईचा एक धागा येऊन मिळतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग १९६२ मध्ये सुरू करणारे ओबेद सिद्दिकी यांनी, अमेरिकेतील सीमूर बेन्झर यांच्यासह, पिकलेल्या केळ्याभोवती घोंगावणाऱ्या फळमाशीवर काम केले होते. १९७६ च्या त्यांच्या निबंधात माशीच्या एका वाणाचे वर्णन आहे. ही माशी साध्या तापमानात ठीक असते. पण उष्णता वाढली की निपचित पडते आणि थंडावा मिळाल्यावर सावकाश शुद्धीवर येते. तिच्यात कोणता बिघाड आहे, हे १९९५ मध्ये कळले. तिच्या शरीरातील बिघडलेले प्रथिन म्हणजेच एन.एस.एफ. होते. यीस्ट, हॅमस्टर, फळमाशी आणि मनुष्य यांच्या पेशींतील टपालखाते मुळात एकाच नियमांनी चालते, असा याचा अर्थ झाला. फळमाशीवर पैसा कशाला खर्च करावयाचा, असे कोणी विचारल्यास हे उदाहरण सांगावे.

१९९३ मध्ये रॉथमन यांच्या गटाने मेंदूच्या अर्कातून स्नेअर प्रथिने ओळखून काढिली. थॉमस स्यूडॉफ यांनी चेतापेशीतील पुटिका नेमक्या क्षणी कशा उघडतात याचा उलगडा केला. शेकमन, रॉथमन आणि स्यूडॉफ या तिघांना २०१३ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

चेतापेशीतील निरोप

चेतापेशी आपला निरोप दुसऱ्या पेशीला पोहोचविते तो रासायनिक द्रव्याच्या रूपाने. हे द्रव्य चेतापेशीच्या टोकाशी अतिशय लहान पुटिकांत भरून ठेविलेले असते. अशा पंचवीस हजार पुटिका एका ओळीत मांडल्या तर जेमतेम एक मिलिमीटर लांबी होईल. या पुटिका पटलाशी येऊन, स्नेअरचा पीळ अर्धवट घालून, सज्ज असतात. विद्युत संदेश आला की कॅल्शियम आत शिरते, सिनॅप्टोटॅग्मिन नावाचे प्रथिन त्याची जाणीव करून देते, आणि एक सहस्रांश सेकंदाच्या आत पुटिका उघडते. आपण हात उचलतो, पापणी मिटतो, ते यामुळे.

मात्र सर्वच निरोप ‘कर’ असे नसतात. ‘थांब’ असे सांगणारे निरोपही तितकेच आवश्यक असतात. आपण कोपर दुमडतो तेव्हा दंडाच्या पुढचा स्नायू आखडतो आणि त्याच वेळी मागचा स्नायू सैल सोडावा लागतो. मेरुरज्जूतील काही चेतापेशींचे कामच मुळी ‘थांब’ हा निरोप देण्याचे असते. भांडे पडल्याचा आवाज ऐकून आपण किंचित दचकतो, पण कमानीसारखे वाकत नाही. ते या ‘थांब’ म्हणणाऱ्या पेशींमुळे.

विषाची वाट

आता आपण त्या बाभळीच्या काट्याकडे वळू. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. ते उकळत्या पाण्यालाही काही काळ दाद देत नाहीत. खोल, हवा न शिरणाऱ्या जखमेत त्यांना सोयीची जागा मिळते. तेथे जंतू वाढतात आणि विष तयार करितात. जंतू जखमेतच राहतात. प्रवास करिते ते विष.

हे विष स्नायूशी जोडलेल्या चेतापेशीच्या टोकास चिकटते. पेशी त्याला बाहेरील उपयुक्त माल समजून पुटिकेत घेते. डायनिन ती पुटिका ओढीत, पायापासून मेरुरज्जूपर्यंत नेऊन पोहोचविते. म्हणजे आपलेच हमाल, आपल्याच वाटेने, विषाची पिशवी घरात आणतात. या प्रवासाला वेळ लागतो. म्हणूनच रोगाची लक्षणे साधारणतः तीन ते एकवीस दिवसांनी दिसतात आणि जखम मेरुरज्जूपासून दूर असेल तर बहुधा अधिक उशिरा दिसतात.

मेरुरज्जूत पोहोचल्यावर विष ‘थांब’ म्हणणाऱ्या पेशींत शिरते. १९९२ मध्ये इटलीतील पादुआ येथील जामपिएत्रो स्किआव्हो, चेझारे मोंतेकुक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, या विषाचा एक भाग म्हणजे प्रथिन कापणारी कात्री आहे. ती दिसेल ते प्रथिन कापीत नाही. पुटिकेवरील सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचे स्नेअर ती शोधिते. या प्रथिनात ११६ अमिनो आम्लांची माळ असते. त्या माळेतील ७६ व्या आणि ७७ व्या मण्यांमधील एकच दुवा ही कात्री तोडते. पुटिका भरलेली असते, संदेश येतो, कॅल्शियमही येते. पण दोर तुटलेला असल्यामुळे पिशवी उघडत नाही. ‘थांब’ हा निरोप पेशीतच अडकून राहतो.

मग शरीरात केवळ ‘कर’ एवढाच हुकूम शिल्लक उरतो. पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी आखडतात. जबड्याचे स्नायू बलवान असल्याने दातखीळ बसते. पाठीचे स्नायू शरीर धनुष्यासारखे वाकवितात. आयुर्वेदात या व्याधीस धनुस्तंभ म्हटले आहे ते यावरूनच. प्रकाशाचा कवडसा किंवा पावलांचा आवाज एवढ्यानेही झटका येतो. कारण त्या उत्तेजनाला आवर घालणारे कोणी राहिलेले नसते. लहानपणी पाहिलेल्या त्या अंधाऱ्या खोलीचे उत्तर मला असे मिळाले.

विषाचे एकेक कण शेकडो स्नेअर कापू शकतात, म्हणून त्याची अत्यल्प मात्रा पुरते. शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे अडीच नॅनोग्रॅम विष प्राणघातक ठरते, असा अंदाज आहे. पन्नास किलो वजनाच्या माणसाला एका ग्रॅमचा ऐंशी लाखावा भाग पुरे होतो. जाता जाता हेही सांगतो की, बोट्युलिनम नावाच्या दुसऱ्या विषाचा एक प्रकार नेमका हाच दुवा तोडतो. पण तो मेरुरज्जूपर्यंत न जाता स्नायूपाशीच काम करितो, त्यामुळे स्नायू ताठ होण्याऐवजी लुळे पडतात. याच विषाचा दुसरा एक प्रकार अतिसूक्ष्म मात्रेत वैद्यकात वापरतात; अमेरिकेत १९८९ मध्ये डोळ्यांच्या तिरळेपणावर त्यास मान्यता मिळाली.

यातून आपण काय घ्यावयाचे

या ज्ञानातून काही गोष्टी निर्विवादपणे निघतात, आणि त्या आपणांस सांगण्यासाठीच मी आज उभा आहे.

पहिली गोष्ट अशी की, कापलेला दुवा जोडणारे औषध आजही नाही. दवाखान्यात दिले जाणारे प्रतिविष रक्तात मोकळ्या असलेल्या विषाला पकडते. चेतापेशीत शिरलेल्या विषाला ते गाठू शकत नाही. पेशीने नवी प्रथिने तयार करीपर्यंत, म्हणजे कित्येक आठवडे, रुग्णाला केवळ जगवून ठेवावे लागते. म्हणून जखम झाल्यावर दातखीळ बसण्याची वाट पाहणे म्हणजे टपाल घरात पोहोचल्यावर नाक्यावर पहारा बसविण्यासारखे आहे. जखम स्वच्छ धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे.

दुसरी गोष्ट अशी की, धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही पुढे संरक्षण मिळत नाही. रोग उत्पन्न करणारी मात्रा इतकी अल्प असते की, शरीराच्या संरक्षक यंत्रणेला तिची ओळखच पटत नाही. त्या रुग्णासही नंतर लस द्यावी लागते.

तिसरी गोष्ट पंचायत सदस्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. गोवरासारखा रोग माणसाकडून माणसाकडे जातो; गावातील बहुतेकांनी लस घेतली तर न घेतलेल्यालाही काहीसा आधार मिळतो. धनुर्वाताचे तसे नाही. तो शेजाऱ्याकडून येत नाही, मातीतून येतो. गावातील नव्याण्णव जणांनी लस घेतली तरी शंभराव्याला त्याचा काडीमात्र उपयोग नाही. म्हणून येथे टक्केवारीवर समाधान मानता येत नाही. प्रत्येक नाव यादीत शोधावे लागते.

आता बाळंतिणीच्या खोलीविषयी. अस्वच्छ पात्याने नाळ कापली किंवा नाळेला शेण, राख लाविली, तर नवजात बालकास धनुर्वात होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १९८८ मध्ये जगात ७ लाख ८७ हजार बालके या एका कारणाने दगावली. २०१८ मध्ये हा आकडा सुमारे २५ हजारांवर आला. आपल्या देशात व्यापक लसीकरणाचा कार्यक्रम १९७८ मध्ये व सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला आणि २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. परिचारिका, आरोग्यसेविका, सुईणी, अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या यांनी घरोघर जाऊन केलेल्या कामाचे हे फळ आहे.

बालकाला लस न देता आईला दिल्याने ते कसे वाचते? याचे उत्तरही आपल्या पुटिकांतच आहे. लस म्हणजे निष्प्रभ केलेले विष. ती घेतल्यावर आईच्या शरीरातील पेशी त्या विषाला पकडणारी प्रतिपिंडे तयार करितात, आणि ती प्रतिपिंडे पालादे यांनी दाखविलेल्या मार्गानेच पेशीबाहेर येतात. पुढे वारेतील पेशी ती प्रतिपिंडे पुटिकांत घेतात, एक विशिष्ट प्रथिन त्यांना वाटेत धरून सांभाळते, आणि पेशीच्या दुसऱ्या बाजूस ती बालकाच्या रक्तात सोडली जातात. विष ज्या प्रकारच्या वाहनातून येते, त्याच प्रकारच्या वाहनातून आईचे संरक्षण बालकाकडे जाते. आधी कोण पोहोचते, एवढाच काय तो प्रश्न असतो. आणि ते ठरविणे आपल्या हातात आहे. या वाहतुकीला अवधी लागतो. यास्तव पहिली मात्रा गर्भारपण समजताच, दुसरी तिच्यानंतर चार आठवड्यांनी, आणि प्रसूतीपूर्वी किमान दोन आठवडे पूर्ण झालेली असावी. पूर्वीच्या बाळंतपणात दोन मात्रा घेऊन तीन वर्षे झाली नसतील तर एक वर्धक मात्रा पुरते.

शिक्षकांना माझी विनंती आहे. बालकाला सहा, दहा व चौदा आठवड्यांची असताना, नंतर सोळा ते चोवीस महिन्यांत आणि पाच ते सहा वर्षांच्या वयात धनुर्वातावरील घटक असलेली लस दिली जाते. त्यापुढील मात्रा दहाव्या आणि सोळाव्या वर्षी आहेत. आता त्यासाठी धनुर्वात व घटसर्प यांवरील टीडी ही संयुक्त लस देतात. ही दोन्ही वये शाळेची आहेत. शाळेत न येणारी मुले, ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर गाव सोडून जाणारी मुले, नेमकी याच वेळी यादीतून निसटतात. त्यांची स्वतंत्र नोंद ठेवावी. आणि ज्यांनी लहानपणी लस घेतलीच नाही, अशी प्रौढ शेतकरी व शेतमजूर मंडळीही गावात असतात, त्यांचाही विसर पडू नये.

निर्मूलन झाले, मग आता चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. येथे निर्मूलन याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, एवढाच आहे. देवीचा रोग पृथ्वीवरून गेला, कारण तो माणसातच राहत होता. धनुर्वाताचे बीजाणू आपल्या शेतात, गोठ्यात, अंगणात आजही आहेत आणि पुढेही राहतील. माती आपण बदलू शकत नाही. आपल्या हाती असलेला एकमेव उपाय म्हणजे प्रत्येक नवीन पिढीस वेळेवर लस देणे. ज्या वर्षी आपण थांबू, त्या वर्षी जन्मलेली बालके असुरक्षित राहतील.

मित्रहो, पाव फुगविणाऱ्या यीस्टपासून आणि केळ्यावरील माशीपासून आपण निघालो आणि गावच्या बाळंतिणीच्या खोलीपर्यंत आलो. आमच्या शेजारच्या त्या शेतकऱ्याला वाचविणारी लस ते वारले तेव्हाही अस्तित्वात होती. तिचा शोध १९२० च्या दशकातच लागला होता. ती त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती. पेशीतील टपाल योग्य वेळी योग्य ठिकाणी पोहोचविण्याचे काम प्रथिने न चुकता करीत असतात. लसीची कुपी आरोग्य केंद्रापासून वाडीवस्तीवरील शेवटच्या घरापर्यंत पोहोचविण्याचे काम मात्र आपले आहे. ते आपण सर्वजण मिळून निष्ठेने कराल, असा विश्वास मी व्यक्त करितो.